पाद्रीबुवा, कुलगुरू आणि आपल्या पोरांचे अटेम्प्ट

यूपीएससीचा निकाल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चालत नाही. कुणाच्या गावच्या पोराचा रँक आला, वडिलांची जमीन किती, आईने शिवणकाम करून कसं शिकवलं, सगळं होतं आणि मग कुणीतरी हळूच विचारतं की आपल्याकडचं काय झालं. आपल्याकडचं म्हणजे माझा भाचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतो, तिसरा अटेम्प्ट चालू आहे. यंदा निकालाच्या रात्री त्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला, आणि बोलता बोलता वैतागून म्हणाला, मामा, ही परीक्षा नावाची भानगड मुळात काढली कुणी?

मी आपलं तोंडावर आलेलं नाव सांगितलं, मेकॉले. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. ही परीक्षा कशी घ्यायची ते ठरवणाऱ्या १८५४ च्या मेकॉलेच्या कमिटीत पाच जण होते आणि त्यातला एक होता ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा सदतीस वर्षांचा पाद्री, रेव्हरंड बेंजामिन जोवेट, जो पुढे त्याच ऑक्सफर्डचा कुलगुरू झाला. यावर भाचा म्हणाला, पाद्री? पाद्र्याचा काय संबंध कलेक्टरच्या परीक्षेशी? प्रश्न रास्त आहे, आणि फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

पाद्री आणि कुलगुरू, एकच माणूस कसा?

आधी पदांचा घोळ सोडवू. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या कुलपतीपदाची निवडणूक झाली तेव्हा इम्रान खानने अर्ज केला म्हणून आपल्याकडेही बातम्या आल्या होत्या, शेवटी विल्यम हेग निवडून आले. कुलपती म्हणजे शोभेचं, मानाचं पद, आपल्याकडे ते राज्यपालांकडे असतं तसं. रोजचा गाडा ओढतो तो कुलगुरू. जोवेटच्या काळात कुलपती होते लॉर्ड सॉल्सबरी, आणि कॉलेजांच्या प्रमुखांपैकी एकाला पाळीने काही वर्षं कुलगुरू नेमायचे. जोवेटची पाळी १८८२ ते १८८६.

कॉलेजांचे प्रमुख म्हणजे काय, तर ऑक्सफर्ड हे एक मोठं कॅम्पस नाहीये, ते हाउसिंग सोसायट्यांच्या फेडरेशनसारखं आहे. प्रत्येक कॉलेज म्हणजे एक स्वतंत्र सोसायटी, स्वतःची इमारत, स्वतःची जमीन, स्वतःचं स्वयंपाकघर, प्रार्थनाघर, स्वतःचे नियम. युनिव्हर्सिटी म्हणजे वरचं फेडरेशन, ती परीक्षा घेते आणि डिग्री देते. कॉलेजच्या सभासदांना म्हणतात फेलो, ते मतदान करून आपला चेअरमन निवडतात. जोवेटचं कॉलेज होतं बेलिओल, तेराव्या शतकातलं, आणि तिथल्या चेअरमनला म्हणतात मास्टर. शाळेतला मास्तर नव्हे, हा चांगलाच वजनदार मास्टर.

आता पाद्रीचं. ही कॉलेजं मुळात चर्चसाठी माणसं तयार करायला निघाली होती, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे शिकवणारे बहुतेक जण दीक्षा घेतलेले पाद्रीच असायचे आणि फेलोने लग्न केलं की फेलोशिप गेली. विद्यार्थ्यालाही प्रवेश घेताना इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागायची, म्हणजे आमच्या धर्माची ही ही तत्त्वं मला मान्य आहेत असं लिहून द्यायचं. म्हणून कॅथलिक किंवा ज्यू पोराला ऑक्सफर्डचं दारच बंद. प्रवेशावेळची ही अट १८५४ मध्ये गेली, बाकीच्या बहुतेक अटी १८७१ मध्ये. थोडक्यात जोवेट पाद्री झाला १८४२ मध्ये, त्यात आजच्या प्राध्यापकाने नेट-सेट काढावी तितकंच आश्चर्य आहे. श्रद्धा नव्हती असं नाही हां, होती, पण ती काय प्रकारची होती यावरूनच पुढचा सगळा राडा झाला.

वशिला नसलेला पोरगा

जोवेटचा जन्म १८१७ चा, लंडनच्या कॅम्बरवेल भागातला. बापाचा फरच्या कपड्यांचा धंदा होता, तो बसला, मोठं कुटुंब, पैशाची ओढाताण. पोरगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत लॅटिन-ग्रीक घोकत राहिला आणि १८३५ मध्ये बेलिओलची स्कॉलरशिप मारली. ही स्कॉलरशिप खुल्या परीक्षेवर मिळायची हे लक्षात ठेवा, कारण त्या काळी ऑक्सफर्डमधल्या कितीतरी जागा अमुक जिल्ह्यातला, अमुक शाळेतला, संस्थापकाच्या नात्यातला अशा हिशोबाने भरल्या जायच्या. बेलिओलने परीक्षा ठेवली म्हणून धंद्यात बुडालेल्या माणसाचा पोरगा आत आला. १८३८ मध्ये, स्वतःची डिग्री हातात पडायच्या आधीच, तो फेलो झाला. विद्यार्थी असताना सभासद! तिथून मरेपर्यंत म्हणजे १८९३ पर्यंत तो बेलिओलचाच राहिला, लग्न केलं नाही.

दिसायला बुटका, गोल गोबरा चेहरा, आवाज चिमणीसारखा बारीक. फिरायला जाताना एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्यायचा आणि मैलभर एक शब्द बोलायचा नाही, पोरगं घाबरून हवापाण्यावर काहीतरी बोलायचं आणि हा गप्प. तरी पोरं त्याच्यावर जीव टाकायची, कारण निबंध वाचून दाखवला की नेमकं कुठे कच्चं आहे ते एका वाक्यात सांगायचा, आणि हा पोरगा पुढे काय करणार याची चिंता पोराच्या बापापेक्षा ह्याला जास्त.

बायबल कसं वाचायचं यावरून कोर्टकचेरी

१८५५ मध्ये त्याला सरकारने ग्रीकचा रीजिअस प्रोफेसर नेमलं. रीजिअस म्हणजे राजाने निर्माण केलेली खुर्ची, आठव्या हेन्रीच्या काळातली, आणि पगारही हेन्रीच्याच काळातला, वर्षाला ४० पौंड! इतर तशाच जुन्या खुर्च्यांचे पगार वाढले होते, याचा वाढवायचा म्हटलं की लोक आडवे यायचे. का, तर त्याच वर्षी त्याने बायबलमधल्या सेंट पॉलच्या पत्रांवर भाष्य लिहिलं होतं आणि ते सनातनी मंडळींना झोंबलं. कुणीतरी तक्रार केली, मग कुलगुरूंनी बोलावून घेतलं आणि ३९ कलमांवर परत सही करायला लावली. म्हणजे वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला जातपडताळणी परत करून आणा म्हणण्यासारखं. त्याने वाद घातला नाही, सही केली, पण अपमान विसरला नाही.

खरा स्फोट १८६० मध्ये. सात जणांचे निबंध एका पुस्तकात आले, त्यातला शेवटचा आणि सगळ्यात लांब निबंध जोवेटचा, बायबलचा अर्थ कसा लावावा यावर. त्याचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर बायबल इतर कुठल्याही पुस्तकासारखं वाचा.

हे इतकं भयंकर का वाटलं ते कळायला एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा पणजोबांचं एक मोडी पत्र घरात आहे, त्यात वाड्याबद्दल दोन ओळी आहेत. थोरले काका म्हणतात त्याचा अर्थ वाडा विकायचा नाही, धाकटे म्हणतात वाटणी करायची, आत्या म्हणते त्यात मुलींचाही हिस्सा आहे. प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्थ त्यात भरलाय आणि शंभर वर्षांच्या भांडणाचा गाळ त्या दोन ओळींवर साचलाय. जोवेट म्हणतो हे सगळं बाजूला करा, आधी मोडी नीट वाचा, ते कधी लिहिलं, कुणाला लिहिलं, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं आणि ज्याने पहिल्यांदा वाचलं त्याला काय समजलं, तो अर्थ. वकिलांनी नंतर काढलेले अर्थ त्यात घुसडू नका.

आता पत्राच्या जागी धर्मग्रंथ ठेवा आणि काकांच्या जागी बिशप. सातही लेखकांना ख्रिस्ताविरुद्धचे सात अशी शिवी पडली. दोघांवर चर्चच्या कोर्टात खटला चालून शिक्षा झाली, ती १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वरच्या अपील कोर्टाने, रद्द केली. जोवेटला १८६३ मध्ये युनिव्हर्सिटीच्याच कोर्टात, कुलगुरूंच्या कोर्टात खेचलं, पण केस पुढे सरकेना म्हणून तक्रारदारांनीच सोडून दिली. पुढे गंमत बघा, त्याच सातांपैकी फ्रेडरिक टेंपल नावाचे गृहस्थ १८९६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला सगळ्यात वरचा पाद्री. आणि ४० पौंडांचं काय झालं? १८६५ मध्ये क्राइस्ट चर्च कॉलेजने शेवटी तो पगार ५०० केला. दहा वर्षं माणूस चाळीस पौंडांवर शिकवत होता, तेही लेक्चर न चुकवता.

मग हा नास्तिक होता का?

हा आक्षेप तेव्हाही होता, आजही कुणी घेईल की विश्वास नाही तर चोगा कशाला घालता. पण त्याने त्याच निबंधात असंही म्हटलंय की इतर पुस्तकासारखं वाचून बघा, मग ते इतर पुस्तकांपेक्षा वेगळं का आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. म्हणजे त्याला श्रद्धा नको नव्हती, शिफारसपत्र नको होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आजारपणामुळे लंडनमध्ये घर धरून बसल्या होत्या, त्यांना घरी जाऊन प्रभुभोजनाचा विधी देणारा पाद्री हाच, आणि दोघांचा पत्रव्यवहार तीसेक वर्षं चालला.

पण एक गोष्ट मला खटकते. १८६० नंतर त्याने धर्मावर असं मोठं काही लिहिलंच नाही, प्लेटोच्या भाषांतराकडे वळला, ते १८७१ मध्ये आलं आणि खूप गाजलं. घाबरला असं नाही म्हणणार, पण दमला. खटला हरून माणूस गप्प होत नाही, तो खटल्याच्या कटकटीने होतो, हे आपल्याकडे कोर्टात चकरा मारलेल्या कुणालाही विचारा.

आता परीक्षेकडे

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोण जायचं? ज्याची डायरेक्टरशी ओळख तो. प्रत्येक डायरेक्टरला ठरावीक नावं सुचवायचा हक्क असायचा, भाचा, पुतण्या, मित्राचा पोरगा. मग त्या पोराला हेलीबरी नावाच्या कंपनीच्या कॉलेजात दोन वर्षं घासून काढायचं आणि सतराशे गावांवर साहेब म्हणून पाठवायचं. शुद्ध वशिला, आणि तो कुणी लपवतही नव्हतं. १८५३ च्या चार्टर कायद्याने हे बंद केलं, खुली परीक्षा घ्यायची ठरलं, आणि ती कशी घ्यायची ते मेकॉलेच्या कमिटीने सांगायचं होतं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या सरकारी नोकऱ्यांसाठीही नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांचा रिपोर्ट आला, त्याला जोडलेल्या पत्रात परीक्षा घेऊन माणसं कशी निवडता येतील याचा आराखडा होता, आणि ते पत्र जोवेटचं.

लोकांची शंका तेव्हाही हीच होती की पुस्तकी किडे येतील, चारित्र्याचं काय? जोवेटचं उत्तर मला फार आवडतं, त्याचा मतलब असा की एवढा अभ्यास करायला जी चिकाटी आणि शिस्त लागते ती असलेला पोरगा उनाडक्या करत फिरलेला नसणार. पेठेत रात्री बाराला अमृततुल्यवर उभी असलेली गर्दी बघून याच्याशी किती सहमत व्हायचं ते तुम्ही ठरवा.

आता तो निबंध आणि हे पत्र शेजारी ठेवा. ग्रंथाबद्दल तो म्हणतो कोण थोर म्हणतं ते सोडा, आत काय लिहिलंय ते वाचा. उमेदवाराबद्दल म्हणतो कुणाचा पुतण्या ते सोडा, पेपरात काय लिहिलंय ते वाचा. एकच माणूस, एकच हट्ट. स्कॉलरशिपवर आत आलेल्या पोराचा हट्ट.

पण पट्टी कुणाची?

इथे खरी मेख आहे. कमिटीने मार्कांचा तक्ता दिला, एकूण ६८७५. इंग्रजीला १५००, गणिताला १०००, ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, फ्रेंच-जर्मन-इटालियनला ३७५ प्रत्येकी, विज्ञानाला ५००, तत्त्वज्ञानाच्या विषयांना ५००. आणि संस्कृत ३७५, अरबी ३७५. सगळे विषय द्यायची सक्ती नव्हती, आपल्या बळाचे निवडायचे, आजच्या ऑप्शनलसारखंच. पण ज्या देशावर राज्य करायला जायचं तिथली भाषा इटालियनच्या भावात आणि होमरच्या देशाची भाषा बरोबर दुप्पट! वशिला गेला हे खरं, पण जी पट्टी आली ती ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये जे शिकवत होते त्याच्याच मापाची आली. जोवेटला यात काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही, कारण त्याच्या मते ग्रीक म्हणजे एक विषय नव्हताच, तो डोकं घडवण्याचा मार्ग होता. प्रामाणिक माणसाचीही पट्टी त्याच्याच हाताच्या मापाची असते.

शिवाय परीक्षा फक्त लंडनला. म्हणजे बोटीचं भाडं, तिथला खर्च, समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर प्रायश्चित्ताची टांगती तलवार, एवढं करून १८५५ ला पहिली परीक्षा झाली तरी पहिला भारतीय पास व्हायला १८६३ उजाडलं, सत्येंद्रनाथ टागोर.

आणि वयाची मर्यादा. १८६९ मध्ये चार भारतीय पास झाले, त्यातले दोघं, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर, वय जास्त म्हणून बाद ठरवले गेले. घोळ काय होता, तर आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष सांगायची पद्धत. सोळावं लागलं की लोक सोळा सांगणार, सोळा पूर्ण झालेली नसतात. मॅट्रिकच्या फॉर्मवर तसं वय लिहिलेलं, आणि साहेबाने ते पूर्ण वर्षांचं धरून हिशोब केला. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि शेवटी दोघांनाही परत घ्यावं लागलं. लागलं आणि सरलं यातला फरक ३९ कलमं तोंडपाठ असलेल्या देशाला कोर्टात समजावावा लागला.

मास्टर झाला तेव्हा

१८५४ मध्ये, म्हणजे कमिटीत होता त्याच वर्षी, बेलिओलच्या मास्टरपदाची निवडणूक तो हरला होता. विरोधकांनी रॉबर्ट स्कॉट नावाचा, प्रसिद्ध ग्रीक शब्दकोश करणारा पण सेफ माणूस बाहेरून आणला. सोळा वर्षं वाट बघितली. १८७० मध्ये स्कॉट रोचेस्टरला डीन, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलचे प्रमुख, म्हणून गेले आणि जोवेट मास्टर झाला, मग मात्र थांबला नाही. नवा हॉल बांधला, खेळायला मैदान घेतलं, ब्रिस्टलला नवं कॉलेज निघत होतं त्याला बेलिओलच्या तिजोरीतून मदत मिळवून दिली, रविवारी संध्याकाळी कॉलेजात गाण्याचे कार्यक्रम सुरू होऊ दिले तेव्हा देवाच्या वारी गाणीबजावणी म्हणून काहींनी नाकं मुरडली. आयसीएसमध्ये, म्हणजे या परीक्षेतून भरती होणाऱ्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, निवडलेली पोरं ट्रेनिंगसाठी बेलिओलला यावीत म्हणून त्याने जंग जंग पछाडलं आणि ती आलीही. लॅन्सडाउन, एल्गिन, कर्झन, भारताचे एकामागून एक तीन व्हॉइसरॉय बेलिओलचे. जोवेटच्याच दोन भावांचा भारतात नोकरीत असताना मृत्यू झाला होता, हा स्वतः इकडे कधी आला नाही.

याचा तोटाही होता. स्वतःला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती, त्याला जे ठाऊक नाही ते ज्ञानच नव्हे अशा अर्थाचं टिंगलीचं कडवं त्याच्याच विद्यार्थ्यांनी १८८१ मध्ये रचलं होतं. मोठ्या घरच्या पोरांवर त्याचा जरा जास्तच जीव आहे असंही लोक म्हणायचे, आणि व्हॉइसरॉयांची यादी बघता ते अगदीच खोटं नसावं.

नाशिकची कॉर्नेलिया

पण एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर या म्हाताऱ्यावर रागवायचं राहून जातं. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. इंग्लंडला जाण्याची सरकारी स्कॉलरशिप मार्कांवर तिची होती, पण बाई म्हणून नाकारली. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यात नाइटिंगेलबाईही होत्या, आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला सॉमरव्हिल या बायकांच्या कॉलेजात दाखल झाली.

जोवेट तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्याने तिला घरच्या माणसासारखं वागवलं, जेवायला बोलवून मोठमोठ्या लोकांशी गाठ घालून दिली, कायदा शिकायची तिची इच्छा उचलून धरली. १८९२ मध्ये बीसीएल म्हणजे कायद्याच्या वरच्या डिग्रीच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा बाईने पुरुषांच्या हॉलमध्ये बसून पेपर द्यायचा का यावर पेच पडला, आणि ऐनवेळी युनिव्हर्सिटीने खास ठराव करून तिला बसू दिलं. ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली बाई. थर्ड क्लास मिळाला, पास झाली. डिग्री मात्र दिली नाही, बायकांना डिग्री द्यायची पद्धतच नव्हती.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८९३ ला, जोवेट गेला. ऑक्सफर्डच्या सेंट सेपल्कर्स स्मशानात त्याची कबर आहे.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, मग परीक्षा इकडे कधी सुरू झाली? १९२२ मध्ये, अलाहाबादला. आणि कॉर्नेलियाला डिग्री कधी मिळाली? तेही १९२२. पास झाल्यावर तीस वर्षांनी. तो म्हणाला, माझा तर तिसराच अटेम्प्ट आहे, आणि मग मेसचा डबा आला म्हणून फोन ठेवला.